अदृश्य किरण आणि त्यांच्या अपायाचा शोध



छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणारा रस्ता जालना जिल्ह्यांतील शहागड येथें गोदावरी ओलांडतो. नदीच्या उत्तर तीरावरचें हें अंबड तालुक्यांतील गांव. पूल मागें टाकला कीं बीड जिल्हा लागतो. अशा हमरस्त्यावरच्या कोणत्याहि गांवांत आज मोबाईल टेलिफोनचा उंच मनोरा दिसतो, आणि गांवांत नाहीं तरी जवळच्या मोठ्या गांवीं क्ष-किरणांचें छायाचित्र काढून देणारी एखादी खोली असते. मनोऱ्याकडे लोक साशंकतेनें पाहतात. त्याच्या किरणांनीं डोकें दुखतें, चिमण्या नाहींशा होतात, कर्करोग होतो, असें बोललें जातें. क्ष-किरणांच्या खोलीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तेथें लहान मुलाला धरून बसलेली आई, तिच्या मागें उभी राहिलेली आत्या, दाराशीं डोकावणारा शेजारी, सारेच निर्धास्त असतात. ही भीति आणि हा निर्धास्तपणा, दोन्ही आपापल्या योग्य जागीं आहेत काय, हें ठरवावयाचें तर सवाशें वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे. विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या किरणांचा माणसाच्या देहावर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रथम कोणीं विचारला आणि त्याचें उत्तर कोणाच्या शरीरावर लिहिलें गेलें, तें आज सांगावयाचें आहे.

आरंभीं एक भेद ध्यानांत ठेवावा. क्ष-किरण आणि रेडिओच्या लहरी या मूळांत एकाच घराण्यांतल्या, परंतु त्यांच्या अंगच्या बळांत फार अंतर आहे. क्ष-किरण अणूवर आदळले म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉन उडवून देऊं शकतात, आणि त्यामुळें पेशींतील सूक्ष्म रचनेची मोडतोड होते. रेडिओच्या लहरींना तें साधत नाहीं. त्या फार तर शरीरांतील पाण्याचे रेणु हालवितात आणि ऊब उत्पन्न करितात. या भेदामुळें दोहोंचा इतिहास निरनिराळ्या वाटांनीं गेला. तथापि दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वर्षीं सुरू झाल्या.

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं अत्यंत आंखूड विद्युल्लहरी निर्माण करून दूरवर घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. वाटेंत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते. लहरी त्यांच्या धिप्पाड देहांतून आरपार गेल्या, याचें सभेला मोठें कौतुक वाटलें. त्यांपासून साहेबांना कांहीं झालें असेल काय, हा प्रश्न त्या काळीं सुचण्याजोगा नव्हता. त्याच १८९५ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले. ही बातमी इतक्या वेगानें पसरली कीं पुरतीं दोन वर्षें लोटलीं नाहींत तोंच, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत, वायव्य सरहद्दीवर सर्जन बीव्हर यांनीं जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या या किरणांच्या साह्यानें शोधल्या.

उपयोग जितका लौकर कळला, तितकाच अपायहि लौकर दिसूं लागला. तो मान्य व्हावयास मात्र वेळ लागला. १८९६ च्या वसंतांतच अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत एका सहकाऱ्याच्या डोक्याचें छायाचित्र घेण्याचा प्रयत्न झाला, आणि एकवीस दिवसांनीं त्या गृहस्थांचे तितक्या जागेचे केस गळून गेले. हे एकवीस दिवस महत्त्वाचे आहेत. विस्तवाचा चटका तत्क्षणीं कळतो. हा चटका तीन आठवड्यांनीं कळला. ज्या दुखण्याचें कारण आणि लक्षण यांत इतकें अंतर पडतें, त्याचा संबंध जोडणें कठीण जातें. म्हणून पहिल्या कांहीं वर्षांत डॉक्टरांनीं नाना तर्क लढविले. कोणी म्हणे, नळीभोंवतीं जी वीज खेळते तिनें कातडी भाजते; कोणी ओझोन वायूवर ठपका ठेवी; तर कोणी छायाचित्रासाठीं वापरलेल्या रसायनांना दोष देई.

एलिह्यू थॉमसन नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें हा वाद स्वतःच्या देहावर सोडवावयाचें ठरविलें. १८९६ सालीं त्यानें आपल्या डाव्या हाताची करंगळी नळीच्या अगदीं जवळ सुमारें अर्धा तास धरली. पहिले कांहीं दिवस कांहींच झालें नाहीं. आठवड्याच्या सुमारास बोट लाल झालें, सुजलें, फोड आले आणि विलक्षण ठणका लागला. थॉमसननें हें छापून प्रसिद्ध केलें आणि इतरांस सावध केलें. करंगळी निवडण्यांत त्याचें शहाणपण दिसतें: गमवावीच लागली तर कमींत कमी उपयोगाचें बोट जावें!

त्याच्याहून अधिक मोलाचें काम बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यानें केलें, आणि त्याची गोष्ट मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत बोधक वाटते. वीज कीं किरण, हा वाद मिटविण्यासाठीं त्यानें गिनिपिग जातीचे प्राणी धातूच्या पेटींत ठेविले आणि पेटी जमिनीशीं तारेनें जोडली. अशा पेटींत बाहेरच्या विजेचा शिरकाव होत नाहीं. क्ष-किरण मात्र शिरतात. प्राण्यांच्या कातडीवर भाजल्याची खूण नव्हती, तरीहि ते मेले. १९०१ सालीं त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले आणि सांगितलें कीं नळी शिशाच्या आवरणांत ठेवा, डोळ्यांवर शिशाची कांच लावा, रोग्याच्या ज्या भागाचें काम असेल तेवढाच उघडा ठेवा. आजच्या नियमांतील निम्मे नियम या तीन वाक्यांत आले. परंतु रॉलिन्स दंतवैद्य होता, मोठ्या इस्पितळांतला प्राध्यापक नव्हता. आणि त्याच्या प्रयोगावर आक्षेप असा निघाला कीं आम्ही तर इतके दिवस काम करितों, आम्हांला कोठें मरण आलें?

तें यावयाचें होतें. एडिसनच्या कारखान्यांत क्लॅरेन्स डॅली नांवाचा कांचकाम करणारा कारागीर क्ष-किरणांच्या नळ्या पारखण्याचें काम करी. नळी चालते कीं नाहीं हें पाहण्याची त्या काळची रीत सोपी होती: स्वतःचा हात मध्यें धरावयाचा. हात बिघडला कीं दुसरा हात पुढें करावयाचा. डॅलीचे दोन्ही हात अखेर कापावे लागले आणि १९०४ सालीं, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, कर्करोगानें तो वारला. एडिसननें त्यापूर्वींच या किरणांचें काम सोडून दिलें होतें. जर्मनींतील फ्रीबेन यानें १९०२ सालींच अशा कामगाराच्या हातावरील कर्करोगाची हकीकत प्रसिद्ध केली होती. पुढल्या वर्षीं आल्बेर्स-शोनबेर्ग यानें दाखविलें कीं हे किरण प्राण्यांची प्रजननशक्ति नष्ट करितात. १९३६ सालीं हँबुर्ग येथील एका इस्पितळाच्या आवारांत या किरणांना बळी पडलेल्या वैद्यांचें व कामगारांचें स्मारक उभारलें गेलें, त्यावर पंधरा देशांतील १६९ नांवें कोरलीं होतीं.

आतां मोजमापाची गोष्ट. औषध असो वा विष, त्याचा परिणाम मात्रेवर ठरतो. पण किरणांची मात्रा मोजावयाची कशी? १९२८ पर्यंत सर्वमान्य एकक नव्हतें. तोंवर माणसाची कातडी हेंच मोजण्याचें यंत्र. जितक्या किरणांनीं कातडी लाल होते ती एक मात्रा, असा हिशेब चाले. न्यू यॉर्कच्या मुत्शेलर यानें १९२५ सालीं सुचविलें कीं महिन्याकाठीं या मात्रेचा शंभरावा भाग अंगावर घेतला तर चालेल. हा आकडा त्यानें कोठून आणला? चांगल्या व्यवस्थेच्या कांहीं खोल्या त्यानें पाहिल्या, तेथील कामगार धडधाकट दिसले, आणि त्यांना अदमासें किती किरण मिळत असावेत हें काढलें. म्हणजे ‘ज्यानें कोणी आजारी दिसलें नाहीं तें निर्धोक,’ एवढाच त्याचा आधार. १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें दिवसाला ०·२ राँटगेन ही मर्यादा मानली, तिचीहि बैठक साधारण हीच.

या बैठकीला दोन सुरुंग लागले. पहिला मुल्लर यानें १९२७ सालींच लावून ठेविला होता. क्ष-किरणांनीं फळमाशीच्या पिढ्यांत कायमचे फेरफार होतात, असें त्यानें दाखविलें. माशी स्वतः धडधाकट, दोष तिच्या संततींत. तेव्हां ‘कोणी आजारी दिसलें नाहीं’ या पुराव्याला किंमत काय? दुसरा सुरुंग १९४४ सालचा. मार्च नांवाच्या डॉक्टरनें वैद्यकीय मासिकांत छापल्या गेलेल्या मृत्युवार्ता धीरानें चाळल्या, आणि असें आढळलें कीं रक्ताच्या कर्करोगानें मरण्याचें प्रमाण इतर डॉक्टरांपेक्षां क्ष-किरणतज्ज्ञांत सुमारें दहापट आहे. या कामाला प्रयोगशाळा लागली नाहीं. वाचनालयांत बसून केलेलें इतकें परिणामकारक संशोधन विरळाच! आज आपल्या देशांत या क्षेत्रांतील कामगाराला पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. १९३४ च्या मर्यादेशीं तुलना केली तर स्थूलमानानें पंचविसावा हिस्सा भरतो.

मुंबईचा या कथेशीं संबंध परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयामुळें येतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या आणि पुढल्या वर्षीं दोराबजीहि गेले. त्या दुःखांतून निघालेल्या संकल्पानें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें रुग्णालय उघडलें. तेथें किरणांनीं रोग बरा करण्याची सोय होती. आणि त्याच इमारतींतील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगाच्या कारणांचा शोध घेत होते. एकाच किरणानें कर्करोग होतोहि आणि जातोहि, हें कोडें जेथें रोज समोर असतें अशी दुसरी जागा त्या वेळीं देशांत क्वचितच असेल. संयुक्त राष्ट्रसंघानें १९५५ सालीं किरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठीं शास्त्रीय समिति नेमली, तींत भारताच्या वतीनें खानोलकर बसत. १९५२ सालीं मुंबईंतूनच किरणांचें काम करणाऱ्यांच्या छातीवर लावावयाचे फिल्मचे बिल्ले वाटले जाऊं लागले. बिल्ल्यांतील फिल्म जितकी काळवंडेल तितके किरण अंगावर पडले, असा हिशेब. डॅलीच्या हाताचें काम आतां फिल्मचा तुकडा करूं लागला. १९७५ पासून फिल्मच्या जागीं तापविल्यावर उजेड देणाऱ्या स्फटिकांचा बिल्ला आला.

रेडिओच्या लहरींचा इतिहास याच्या अगदीं उलट दिशेनें सुरू झाला. तेथें प्रथम अपायाची नव्हे, उपचाराची चर्चा झाली. पॅरिसच्या दार्सोनव्हाल यानें १८९० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं अतिशय जलद दिशा बदलणाऱ्या प्रवाहानें स्नायूंना झटका बसत नाहीं, ऊब येते. त्यांतून शेकाचें विद्युत्-यंत्र निघालें, तें आजहि सांधेदुखीवर वापरतात. १९२० नंतर अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत लघुलहरींच्या क्षेपकाजवळ काम करणाऱ्यांना ताप चढतो, असें दिसून आलें. हेलेन हॉस्मर या संशोधिकेनें १९२८ सालीं प्राण्यांवर हा ताप मोजला. त्या काळीं मलेरियाचा ताप आणून उपदंशजन्य वेडावर उपचार करीत, आणि त्याबद्दल व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग यांना १९२७ चें नोबेल पारितोषिकहि मिळालें होतें. तेव्हां डासांवांचून ताप आणणारें यंत्र सांपडलें, याचा डॉक्टरांना आनंदच झाला!

आपल्याकडे तेव्हां लोकांना रेडिओची भीति वाटण्याचें कारणच नव्हतें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, त्याच्या क्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट. आजच्या स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टींत त्याच्या निम्म्याहून अधिक शक्ति एका पेटींत कोंडलेली असते. शंका आली ती दुसऱ्या महायुद्धांत, रडार आल्यावर. नाविकांत अशी वदंता पसरली कीं रडारसमोर उभें राहिल्यास पुरुषत्व जातें, टक्कल पडतें. अमेरिकन आरमारानें १९४३ सालीं आपल्या रडार-कामगारांची तपासणी करविली. विशेष कांहीं आढळलें नाहीं. परंतु १९४८ सालीं मेयो रुग्णालय व आयोवा विद्यापीठ येथील संशोधकांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं तीव्र सूक्ष्मलहरींनीं कुत्र्यांच्या व सशांच्या डोळ्यांत मोतीबिंदु होतो. कारण समजण्यासारखें आहे. शरीराच्या इतर भागांतील उष्णता रक्त वाहून नेतें. डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तेथें ऊब सांचते.

मग मर्यादा किती? पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे हेर्मान श्वान यांनीं १९५३ सालीं जो हिशेब केला, तो शाळकरी मुलालाहि समजेल. माणूस स्वस्थ बसला असतां त्याचें शरीर सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकतें. तितकीच उष्णता बाहेरून आंत आली तर शरीर ती कशीबशी सोसेल. शरीराची लहरींसमोर येणारी बाजू चौरस मीटरभर धरली, तर हें प्रमाण चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट होतें. हाच आकडा अमेरिकेनें पुढें स्वीकारला. सोव्हिएट संशोधकांनीं कामगारांच्या डोकेदुखी, थकवा, निद्रानाश या तक्रारींना महत्त्व दिलें आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस १० मायक्रोवॅट ही मर्यादा घातली. एक हजारपट फरक! एका देशानें शरीराचें तापमान पाहिलें, दुसऱ्यानें कामगाराचें गाऱ्हाणें ऐकलें. अमेरिकनांचा आक्षेप असा कीं या गाऱ्हाण्यांची तुलना लहरींपासून दूर असलेल्या कामगारांशीं नीटपणें केलेली नाहीं. तो रास्त होता. पण गाऱ्हाणें म्हणून तें कानाआड करणेंहि शास्त्राला शोभणारें नव्हतें. मौज अशी कीं पुढें मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीवरच वर्षानुवर्षें अशा लहरी सोडल्या जात असल्याचें उघड झालें. तेथील सुमारें अठराशें कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें १९७८ सालीं पुरा केला. पूर्व युरोपांतील इतर वकिलातींच्या मानानें मृत्यूंत फरक आढळला नाहीं.

मध्यंतरीं, १९६७ सालीं, अमेरिकेंतील कांहीं रंगीत दूरदर्शन-संचांच्या आंतील नळ्यांतून क्ष-किरण गळत असल्याचें निघालें, आणि पुढच्याच वर्षीं तेथें उपकरणांच्या किरणांसंबंधीं कायदा झाला. मुंबईला दूरदर्शन आलें १९७२ सालीं आणि देशांत रंगीत चित्रें आलीं १९८२ सालीं. तोंवर संचांच्या रचनेंत पुष्कळ बदल झाला होता. उशिरा येण्याचाहि कधीं कधीं फायदा असतो.

आतां पुन्हा मनोऱ्याकडे येऊं. २०१० सालीं मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. मधील प्राध्यापक गिरीश कुमार यांनीं मनोऱ्यांच्या लहरींविषयीं सरकारला अहवाल दिला आणि मर्यादा फार सैल असल्याचें कळकळीनें मांडलें. पुढल्या वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें या लहरी ‘कदाचित् कर्करोगकारक’ या वर्गांत घातल्या. त्या वर्गांत आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याहि आहेत, हें लोणचेंप्रिय श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. ‘कदाचित्’ या शब्दाचा अर्थ तेथें खरोखरीच कदाचित् एवढाच आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारत सरकारनें मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठीं ती चौरस सेंटिमीटरला ४५ मायक्रोवॅट होते. श्वानच्या आकड्याहून दोनशें पटींनीं कमी, आणि जुन्या सोव्हिएट आकड्याच्या चौपट-पांचपट.

माझें मत विचाराल, तर हा निर्णय चुकीचा म्हणतां येणार नाहीं. क्ष-किरणांच्या इतिहासांत ‘अजून कांहीं दिसलें नाहीं’ या वाक्यानें दोनदां फसविलें आहे. तथापि मार्चनें मृत्युवार्ता चाळून जी दहापट काढली, तसें कांहीं मोबाईलच्या बाबतींत इतक्या वर्षांत आणि इतक्या देशांत हाती लागलेलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. शंका जिवंत ठेवावी. पण ती खरी कोठें ठेवावी?

कारण त्याच २०१२ सालीं, मर्यादा घटविण्याच्या सुमारासच, देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढें आला. देशांत ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रें असून त्यांपैकीं ५२,१७३, म्हणजे शेंकडा ९१, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नोंदणीविनाच चालत होतीं, असें त्यांत दाखविलें होतें. या यंत्रांच्या किरणांविषयीं ‘कदाचित्’ हा शब्द वापरावा लागत नाहीं. भिंतीची जाडी पुरेशी आहे कीं नाहीं, दाराला शिसें आहे कीं नाहीं, कामगाराच्या छातीवर बिल्ला आहे कीं नाहीं, हें पाहणारा मनुष्य तेथें गेलाच नव्हता. २०१३ पासून मंडळानें नोंदणीची सोय संगणकावर केली आणि संख्या वाढूं लागली. यंत्रांवर नजर ठेवण्यासाठीं प्रत्येक राज्यांत किरणसुरक्षा संचालनालय असावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालींच सांगितलें होतें. महालेखापरीक्षकांनीं पाहिलें तेव्हां अशीं संचालनालयें दोनच राज्यांत होतीं: केरळांत आणि मिझोराममध्यें. नियामक मंडळाची कचेरी ज्या मुंबईंत आहे, तिच्या महाराष्ट्राचें नांव त्यांत नव्हतें.